आधी वॉर्ड बघा, मग कॉलेज

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. लांबच्या नात्यातले, माहेरच्या गल्लीतले, कधीतरी वॉर्डात ॲडमिट होते आणि जाताना नंबर घेऊन गेले असे कितीतरी जण. पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, मुलीला नर्सिंगला घालायचंय, स्कोप आहे ना?" पाठोपाठ दुसरा, "बीएस्सी करावं की जीएनएम?", म्हणजे पदवी की पदविका. तिसरा जरा आवाज खाली आणून, "मॅनेजमेंट कोट्याला किती पडतील?" आणि मुलीला काय वाटतं असं मी विचारलं की पलीकडून उत्तर येतं, "तिला काय वाटायचंय? नीटला मार्क कमी पडले ना."

म्हणजे डॉक्टर होता आलं नाही, तर निदान दवाखान्यात तरी. सुरुवातीला मला याचा राग यायचा, आता तोही येत नाही. कारण 'नाईलाज' म्हणून आलेल्या कितीतरी मुली पहिल्या सहा महिन्यांत कामात अशा रुजलेल्या पाहिल्यात की बघत राहावं. आणि लहानपणापासून नर्सच व्हायचंय म्हणणाऱ्या दोघी-तिघी पहिल्याच बेडपॅनला घरी पळालेल्याही पाहिल्यात. तेव्हा आवड हा प्रश्न मी बाजूला ठेवते. त्यापेक्षा एक गोष्ट विचारते आणि ती ऐकून पालक हमखास गोंधळतात. "कॉलेजचं हॉस्पिटल बघितलंत का?"

कॉलेज सगळ्यांनी बघितलेलं असतं. गेट बघितलेलं असतं, बस बघितलेली असते, हॉस्टेलची मेस बघितलेली असते. माहितीपत्रकात पांढऱ्या एप्रनमधल्या मुली रबराच्या बाहुलीभोवती उभ्या असतात, तो फोटो बघितलेला असतो. हॉस्पिटल मात्र कुणी बघितलेलं नसतं. आणि मुलगी चार वर्षांतला निम्म्याहून जास्त वेळ तिथे काढणार असते.

मी स्वतः जीएनएम. आमच्या वेळी घरात पैसे नव्हते, विद्यावेतन मिळतं म्हणून सरकारी शाळेत प्रवेश घेतला. नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, आणि मग सेवेत असताना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे पदविकेनंतरची पदवी, केलं. नंतर काही वर्षं ट्यूटर म्हणून मुली सांभाळल्या आणि परत वॉर्डात आले. त्यामुळे पदविका आणि पदवी या दोन्हींच्या पोटात काय असतं ते मला आतून ठाऊक आहे. दोन्ही बाजूंना माझे नातेवाईक आहेत म्हणा ना.

तर आधी पदवीचं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आता आठ सेमिस्टरचं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. जीएनएम तीन वर्षांचं, तिथे कला शाखेची मुलगीही चालते. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स, दोन वर्षांचं. आपल्याकडे पदवीसाठी सीईटी सेलची स्वतंत्र परीक्षा असते, त्यातून कॅप राउंडने, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीने, जागा मिळतात, आणि राज्यातली बहुतेक कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. १९९८ मध्ये हे विद्यापीठ झालं तेव्हापासून अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, पदवीचा कागदही एकच. इथेच खरी गंमत आहे. भरलेल्या हॉस्पिटलात शिकलेली आणि रिकाम्या हॉस्पिटलात शिकलेली, दोघींच्या हातात तंतोतंत सारखा कागद येतो. कागदावरून फरक कळत नाही. तो कळतो ड्युटीवर, पहिल्या आठवड्यात.

आमच्याकडे मध्यंतरी एक मुलगी कंत्राटावर रुजू झाली. प्रथम श्रेणी, इंग्रजी फर्डं, फार्माकॉलॉजी तोंडपाठ. कुठल्या कॉलेजची ते सांगण्यात अर्थ नाही, तसली बरीच आहेत. दुसऱ्या दिवशी तिला एका म्हातारीला इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी, लावायला सांगितलं. सत्तरीची बाई, शेतात राबलेले हात, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. शीर वरून स्पष्ट दिसत होती, पण सुई टेकवली की बाजूला सरकायची. पोरीने दोनदा प्रयत्न केला, हात थरथरायला लागला, डोळ्यांत पाणी. तिला बाजूला घेऊन विचारलं, तर कॉलेजात या गोष्टीचा सराव रबरी हातावर झालेला. हॉस्पिटल होतं, पण पेशंट नव्हते. लॉगबुक, म्हणजे स्वतःच्या हाताने केलेल्या कामांची वही, मात्र भरलेलं, सह्यांसकट.

तिला शिकवायला फार वेळ लागला नाही. हात खाटेच्या खाली लोंबू द्यायचा. कोमट पाण्यात पिळलेला कपडा मिनिटभर गुंडाळायचा. म्हाताऱ्या माणसाला टूर्निकेट करकचून बांधायचं नाही, शीर फुटते. आणि मुख्य म्हणजे आपल्या डाव्या अंगठ्याने कातडी खालच्या बाजूला ताणून धरायची, म्हणजे शीर पळत नाही. हे पुस्तकात आहे, तिने वाचलंही होतं. पण अंगठ्याने किती ताणायचं हे पुस्तकातून अंगठ्याला कसं कळणार? महिन्याभरात ती पोरगी शीर शोधण्यात आमच्यातल्या कुणाहून कमी राहिली नाही. पण तो महिना म्हातारीच्या हातावर गेला, हे लक्षात घ्या. जे शिक्षण देण्याची फी कॉलेजने चार वर्षं घेतली, ते सरकारी वॉर्डातल्या गरीब पेशंटने फुकट दिलं.

नियम नाहीत असं अजिबात नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत कॉलेजला स्वतःचं हॉस्पिटल हवं, खाटा किती हव्यात, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत, सगळं लिहिलेलं आहे. परिषद ज्या १९४७च्या कायद्यावर उभी आहे त्याच्या जागी २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदाही संसदेत मंजूर झाला. पण तपासणीच्या दिवशी भरलेल्या खाटा आणि एरवीच्या खाटा यांत फरक असू शकतो, हे या क्षेत्रात वावरणाऱ्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून मी पालकांना सांगते, कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला जा. प्रवेशाच्या ऑफिसात जाऊ नका, सरळ ओपीडीत जाऊन बसा. केसपेपरची रांग बघा. रांग नसेल तर चहा पिऊन परत या. रांग असेल तर वॉर्डाकडे वळा, नातेवाइकाला भेटायला आलोय म्हणा, कुणी अडवत नाही. किती खाटांवर माणसं आहेत? विद्यार्थिनी खाटेशी उभ्या आहेत की सिस्टरांच्या टेबलाभोवती फायली लिहीत बसल्या आहेत? त्यांच्याबरोबर ट्यूटर आहे का? लेबर रूम आहे का, आणि तिथे रात्री बाळंतपणं होतात का? मग कँटीनमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाची एखादी मुलगी गाठा आणि विचारा, "बाळा, तू स्वतःच्या हाताने किती बाळंतपणं केलीस?" उत्तर देताना ती हसली किंवा मैत्रिणीकडे बघायला लागली, तर समजा, एकच बाळ पाच जणींच्या वहीत जन्मलेलं आहे.

एक वडील माझ्यावर वैतागले होते. "सिस्टर, आम्ही कॉलेज बघायला चाललोय की धाड टाकायला?" म्हटलं, तुम्ही म्हैस घेताना चार वेळा धार काढून बघता ना.

जिथे पेशंट असतात तिथे मुली कशा तयार होतात, तेही सांगते, नाहीतर नुसती तक्रार होईल. मी ट्यूटर असतानाची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, मेडिकल वॉर्डात संध्याकाळच्या पोस्टिंगला. एका आजोबांना सलाईन लावलेली, पाचशे एमएल, आठ तासांत द्यायची, आजोबांचं हृदय नाजूक. वीस थेंबांचा सेट, म्हणजे वीस थेंबांत एक एमएल. हिशेब सरळ आहे: पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. तिने घड्याळ धरून पंधरा सेकंदांत पाच थेंब मोजले, रेग्युलेटर बसवला आणि पुढच्या खाटेकडे गेली. अर्ध्या तासाने परत आली तर थेंब धो धो पडतायत. आजोबांच्या मुलाने रेग्युलेटर फिरवला होता. आपल्या लोकांची ठाम समजूत आहे की सलाईन लवकर संपली की माणूस लवकर घरी जातो.

तिने रेग्युलेटर परत आवळला. आरडाओरडा केला नाही. खाली वाकून आजोबांच्या श्वासाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं, पायावर बोट दाबून सूज बघितली. मग तक्ता उघडला आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, सकाळपासून आत किती गेलं ते लिहिलंय, पण लघवी किती झाली ते कुणीच लिहिलेलं नाही." डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी सलाईन बंद केली, औषध बदललं. आजोबांना काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आमच्या कामाचं हे असंच असतं, नीट झालं की त्याची बातमी होत नाही.

थेंब मोजणं जीएनएमची मुलगीही तितकंच चोख करते, कदाचित जास्तच. पण तो आतला-बाहेरचा हिशेब जुळत नाही म्हणून अडून बसणं, हृदय आणि मूत्रपिंड यांचा संबंध डोक्यात असणं, आणि मॅडमला तोंडावर विचारायची हिंमत असणं, याला पदवीच्या अभ्यासाची मदत होते, असं माझं मत आहे. सगळ्याच पदवीधरांना ते येतं असं नाही. पण पोस्ट बेसिक करून आल्यावर मला स्वतःला फरक जाणवला. आधी मी डॉक्टरांची ऑर्डर वाचायचे आणि पाळायचे. नंतर ऑर्डर वाचताना तिच्यामागचं कारण शोधायला लागले, आणि कारण सापडलं नाही तर फोन करायला लागले. काही डॉक्टरांना हे आवडलं नाही. चांगल्या डॉक्टरांना फार आवडलं.

पदवीचा दुसरा फायदा पहिल्या दिवशी दिसत नाही. पहिल्या दिवशी दोघी एकाच वॉर्डात, एकाच पगारावर, एकाच मावशींकडून चहा पितात. पण नंतर वाटा फुटतात. दिल्लीचं एम्स २०२० पासून देशभरातल्या एम्ससाठी नॉरसेट नावाची सामाईक भरती परीक्षा घेतं. तिला बीएस्सीची मुलगी नोंदणी झाल्याबरोबर बसू शकते, जीएनएमवाल्या मुलीला पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. शिकवायला जायचं तर पदवी हवी, पुढे एमएस्सी करायचं तरी पदवी हवी. जीएनएम झालेल्या मुलीला हे दरवाजे बंद नाहीत, फक्त मधे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक आहे. आणि ती दोन वर्षं तिशीनंतर, घरात लहान मूल आणि नाईट ड्युट्या असताना काढणं काय असतं ते माझ्या सासूबाईंना विचारा. माझी मुलं त्यांनी वाढवली.

त्यामुळे घरची ताकद असेल तर पदवी घ्या, हे माझं उत्तर. आणि ताकद नसेल तर लगेच जीएनएमकडे वळण्याआधी सरकारचा एक निर्णय वाचा. जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पण ते कॅप राउंडमधून प्रवेश घेतलेल्यांना. मॅनेजमेंट कोट्यातून घुसलं की माफी गेली. खासगी अभिमत विद्यापीठंही त्यातून वगळलेली आहेत. कितीतरी घरांत एजंट सांगतो, "सीईटीची कटकट कशाला, सीट मी देतो," आणि माणसं शेत गहाण टाकून ती सीट घेतात जिच्या शेजारच्याच कॉलेजात मुलीला फी लागली नसती. माझ्या ओळखीत असं झालंय, म्हणून जीव तुटतो.

सैन्यदलाचा रस्ताही लोकांना माहीत नसतो. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची सहा कॉलेजं आहेत, त्यातली दोन आपल्याकडे: पुण्याचं एएफएमसी आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी. फक्त मुलींसाठी, नीटच्या गुणांवरून, शिक्षणाचा खर्च सैन्याचा, आणि शिकून बाहेर पडली की लेफ्टनंट म्हणून कमिशन. बदल्यात सेवेचा करार. ज्या नीटने 'घात केला' म्हणून पालक रडत असतात, त्याच मार्कशीटवर हा अर्ज करता येतो, पण तारीख उलटून गेल्यावर त्यांना ते कळतं.

बायकांनी हे काम करायचं की नाही, यावर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी भांडणं झाली. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू झालं, रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना परिचर्येचं शिक्षण द्यायचं ठरवलं, त्यासाठी ससूनमध्ये पाठवायचं ठरवलं. परक्या पुरुषांना हात लावणार? कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढणार? घरच्या विधवा मुली? आज ते वाचताना हसू येतं, पण फार हसू नये. परवाच एका बाईंनी मला विचारलं, "नर्स मुलीला स्थळं येतात का हो चांगली?" म्हटलं, सरकारी नोकरी लागली की इतकी येतात की नाकारताना दमछाक होते. मग तेच लोक लग्नानंतर म्हणतात, नाईट ड्युटी बंद करून घे.

रात्रपाळीचा विषय निघाला की आया सुरक्षिततेचं विचारतात, आणि तो प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. नोव्हेंबर १९७३. त्यानंतर मे २०१५ पर्यंत, जवळपास बेचाळीस वर्षं, त्यांच्या सहकारी परिचारिकांनी आणि त्यांच्यानंतर आलेल्या मुलींनी त्यांना सांभाळलं. त्यांना कधी न भेटलेल्या, त्या घटनेनंतर जन्मलेल्या मुलींनी. लोक ही गोष्ट सेवाभावाची म्हणून सांगतात. मला त्यातली तळघरातली खोली जास्त आठवते. म्हणून कॉलेज बघायला गेलात की हेही विचारा: मुली कपडे कुठे बदलतात, त्या दाराला कडी आहे का, संध्याकाळची ड्युटी आटोपल्यावर हॉस्टेलपर्यंत कोण सोडतं. वायफाय आहे का हे नंतर विचारा.

आता स्कोप. राज्य सरकारच्या नोकरीत अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, केंद्राच्या एम्ससारख्या संस्थांत ४४,९०० पासून, वर भत्ते. हे आकडे ऐकून पालकांचे डोळे चमकतात. पण सरकारी भरती दरवर्षी निघत नाही, निघाली की राज्यभरातल्या मुली तुटून पडतात, आणि मधल्या काळात खासगी हॉस्पिटलात काम करावं लागतं. तिथलं चित्र वेगळं. मोठ्या शहरातली नामांकित हॉस्पिटलं बरी. तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये मात्र चार वर्षांच्या पदवीधर मुलीला बारा-पंधरा हजारांवर राबताना मी रोज बघते, आणि तिच्या शेजारी सहा महिन्यांचा कसलातरी कोर्स केलेली मुलगी तसाच गणवेश घालून तेच काम करत असते. पेशंटला दोघी सिस्टरच.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं, आणि त्या समितीने शिफारस केली: दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलात राज्य सरकारइतका पगार द्या, शंभर ते दोनशे खाटांना दहा टक्के कमी चालेल, पन्नास ते शंभरला पंचवीस टक्के, आणि पन्नासपेक्षा लहान असलं तरी वीस हजारांच्या खाली नको. केरळच्या परिचारिकांनी संप केले, रस्त्यावर उतरल्या, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने खासगी क्षेत्रासाठी किमान वीस हजारांची अधिसूचना काढली. आमच्या तालुक्यातल्या एका डॉक्टरांना मी ही शिफारस सांगितली, तर ते म्हणाले, "सिस्टर, मग आम्ही खायचं काय?" त्यांच्या दारात नवी गाडी उभी होती. असो.

समाज बदलायला वेळ लागतो हे मान्य, पण मुलीला कुठल्या हॉस्पिटलात पाठवायचं हे तरी आपल्या हातात आहे. पहिली नोकरी पगार बघून घेऊ नका, अनुभवाचं पत्र कोण देतं ते बघा. आयसीयू, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, नवजात बाळांचा विभाग, यांतलं एखादं काम दोन-तीन वर्षं जीव लावून केलेल्या मुलीला मग पगार मागता येतो. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही जमा करायची नाहीत. हॉस्पिटलाकडे नाही, एजंटाकडे तर नाहीच नाही.

एजंट म्हटलं की परदेश. सध्या गावोगाव जर्मनीची हवा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत, आणि तेव्हापासून जर्मनच्या क्लासचे फ्लेक्स लागलेत. संधी खरी आहे. पण तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर जर्मन बी-टू, म्हणजे सफाईने बोलता येण्याच्या, पातळीपर्यंत यावं लागतं, आणि ते सहा महिन्यांत होतं असं सांगणारा माणूस बहुतेक स्वतः जर्मन शिकलेला नसतो. इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची, मग तिथे जाऊन प्रात्यक्षिकाची. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा, ती मुंबईतही देता येते, पण पास झाल्यावर व्हिसाची रांग वर्षानुवर्षांची. आखाताला प्रोमेट्रिकची संगणकावरची परीक्षा आणि कागदपत्रांची छाननी. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांना तुमच्या कामाचे तास हवे असतात, खऱ्या वॉर्डातले, खऱ्या पेशंटवरचे, आणि हॉस्पिटलकडून पडताळून घेता येणारे.

मुलग्यांबद्दल एक शब्द, कारण त्यांचे वडील फार चाचरत फोन करतात. येऊ द्या. नॉरसेटमध्ये वीस टक्के जागा पुरुषांना आहेत, ऐंशी बायकांना, म्हणजे स्पर्धा कडक आहे. पण कॅज्युअल्टीत, ऑर्थोच्या वॉर्डात, मानसिक आजारांच्या रुग्णालयात चांगला ब्रदर असला की आमचं निम्मं ओझं उतरतं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चारपैकी एखाद्या मनोरुग्णालयात पोस्टिंग करून आलेली मुलं-मुली तर वेगळीच होऊन परततात. कमी बोलतात, जास्त ऐकतात.

या वर्षी फोन घरातूनच आला. धाकट्या भावाची मुलगी, सीईटी दिलेली, मार्क बरे. भाऊ म्हणाला, "ताई, दोन कॉलेजं निघतायत." एक शहराबाहेर, हायवेला लागून, काचेची इमारत, एसी हॉस्टेल, स्वतःची पिवळी बस, सिम्युलेशन लॅब म्हणजे नुसता थाट. हॉस्पिटल त्याच आवारात, चकाचक. आम्ही गेलो तेव्हा ओपीडीत आमच्याखेरीज सातच माणसं होती आणि त्यांतले दोघे रंगारी होते. दुसरं जुनं, सरकारी रुग्णालयाला जोडलेलं, भिंतींना ओल, हॉस्टेलला कूलरही नाही, एसटीने तासाभराचा रस्ता. तिथे सर्जिकल वॉर्डात खाटा कमी पडून दोन खाटांच्या मधे गाद्या टाकलेल्या होत्या. एक तिसऱ्या वर्षाची मुलगी जमिनीवर गुडघे टेकून ड्रेसिंग करत होती आणि तिची ट्यूटर शेजारी उकिडवी बसून तिला थांबवत होती, "आतून बाहेर, आतून बाहेर, स्वॅब परत वापरायचा नाही."

भाऊ दारातच थांबला. त्याला त्या वासाने कसंतरी झालं. भाची मात्र आत गेली, त्या दोघींच्या मागे उभी राहून बघत बसली. दहा मिनिटांनी बाहेर आली आणि मला म्हणाली, "आत्या, ती जखम किती दिवसांत भरेल?"

मी म्हटलं, साखर आटोक्यात असेल तर तीन-चार आठवडे, नसेल तर सांगता येत नाही.

"मग मला तिथेच जायचंय. तीन-चार आठवडे बघायला मिळेल ना."

कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये तिने ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि तेच मिळालं. फी माफ झाली. हॉस्टेलला पंखा आहे, तो फिरतो. भाऊ अजून कुरकुरतो. "ताई, ऐकलं तुझं, पण त्यांची बस तरी होती गं."